विश्लेषण : तेजोमेघाचा फोटो सपाट, मग त्याचा खरा आकार कळतो कसा?

कोन (पनवेल) : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीवर रडारवर चालणारी स्पीड गन रोखली, की आकडा लगेच दिसतो. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी १०० दाखवते. तीच गन रस्त्यापासून बाजूला उभे राहून, गाडीच्या दिशेशी ६० अंशांचा कोन करून रोखली, तर आकडा येतो ५०. काटकोनात रोखली, तर शून्य. गाडीचा वेग तोच असतो. गनला कळतो तो फक्त आपल्याकडे येण्याचा किंवा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग. आडवा वेग तिला दिसतच नाही.

गावाचे नाव कोन आणि प्रश्नही कोनाचाच. खगोलशास्त्रज्ञांसमोर नेमकी हीच अडचण असते, फरक एवढाच की त्यांना दोन पावले बाजूला सरकून दुसरीकडून पाहण्याची सोय नाही. हजारो प्रकाशवर्षांवरचा वायूचा ढग पृथ्वीवरून एकाच बाजूने दिसतो. तरीही व्हॉट्सअॅपवर आणि रीलमध्ये तेजोमेघ गोल फिरताना दिसतात, कॅमेरा त्यांच्या मागे जाऊन येतो, पाकळ्या उलगडतात. ‘नासाने टिपलेले दृश्य’ अशी ओळ खाली असते. ते दृश्य कोणी टिपलेले नसते. ते मांडलेले असते, आणि ते कशाच्या आधारावर मांडले हे समजून घेतले, तर ते मूळ फोटोइतकेच रंजक आहे.

ग्रहांशी संबंध नसलेले ‘ग्रहीय’ तेजोमेघ

सूर्यासारखा किंवा त्याच्यापेक्षा काही पट जड तारा आयुष्याच्या अखेरीस प्रचंड फुगतो आणि बाहेरचे थर सोडू लागतो. हा वायू आधी सावकाश, सेकंदाला साधारण १० ते १५ किलोमीटरने निघतो. थर निघून गेले की आतला तप्त गाभा उघडा पडतो. त्याच्या अतिनील किरणांनी आधीचा वायू पेटल्यासारखा चमकतो. हाच ग्रहीय तेजोमेघ. दुर्बिणीत तो युरेनससारखा फिकट गोल ठिपका दिसे, म्हणून विल्यम हर्शेल यांनी १७८० च्या दशकात त्याला ग्रहाचे नाव चिकटवले आणि ते सुटले नाही. मराठी विश्वकोश ‘अभ्रिका’ हा नेमका शब्द वापरतो, पण बातम्यांत तेजोमेघच रुळला आहे.

आकाशगंगेत असे तीन हजारांहून अधिक तेजोमेघ माहीत आहेत. त्यांचे आयुष्य फार तर काही दहा हजार वर्षांचे, म्हणजे ताऱ्याच्या हिशेबात डोळ्याची पापणी लवण्याएवढे. तारा गोल असतो, मग त्याने सोडलेला वायूही गोल फुग्यासारखा पसरायला हवा. प्रत्यक्षात खरोखर गोल तेजोमेघ पाचातला जेमतेम एक. बाकीचे लांबोडके, डमरूसारखे, फुलपाखरासारखे, काही तर दोन-तीन दिशांना एकदम फुटलेले. गोल ताऱ्यातून डमरू कसा निघतो, हा या विषयातला खरा प्रश्न. आकार नीट कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, आणि आकार फोटोत पूर्ण नसतो.

लायरा तारकासमूहातला प्रसिद्ध वलय तेजोमेघ, एम ५७, हे त्याचे ठळक उदाहरण. पाठ्यपुस्तकांत तो वर्षानुवर्षे अंगठीसारखा छापला गेला. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मांडलेल्या त्रिमितीय रचनेत दिसले, की ती अंगठी म्हणजे वायूचे जाडजूड कडे आहे आणि त्याच्या मधून रग्बीच्या चेंडूसारखा वायूचा लांबट गोळा आरपार गेला आहे. चेंडूचे टोक जवळजवळ आपल्याकडेच असल्याने त्याची लांबी फोटोत दिसत नाही.

एका हिरव्या रेषेचा हिशेब

आकाराची हरवलेली बाजू भरून निघते ती वेगावरून, आणि वेग कळतो वर्णपटावरून. तेजोमेघाचा प्रकाश सूर्यप्रकाशासारखा सगळ्या रंगांत पसरलेला नसतो. तो मोजक्या बारीक रेषांमध्ये एकवटलेला असतो. त्यातली सर्वांत ठळक रेषा हिरवी, ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीची. वायू आपल्याकडे येत असेल तर ती निळ्या बाजूला किंचित सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. पनवेल स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरलेला वाटतो, तोच डॉप्लर परिणाम.

सरकणे किती असते? वायू सेकंदाला २० किलोमीटरने येत असेल, तर ५००.७ नॅनोमीटरची रेषा सुमारे ०.०३३ नॅनोमीटरने हलते. वेग म्हणून २० किलोमीटर काही कमी नाही. कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग त्या वेगाने पाच सेकंदांच्या आत संपेल. पण वर्णपटावर हा फरक केसाएवढा. तो पकडायला वर्णपटमापक तेवढाच काटेकोर लागतो.

मोजताना वर्णपटमापकासमोर एक अरुंद फट ठेवतात आणि ती तेजोमेघावर आडवी धरतात. फटीच्या लांबीवरच्या प्रत्येक बिंदूचा वेगळा वर्णपट मिळतो. म्हणजे एका बाजूला जागा, दुसऱ्या बाजूला वेग असा आलेख तयार होतो. तो वाचायचा कसा, हे कढईतल्या पुरीवरून लक्षात येते. टम्म फुगणाऱ्या पुरीकडे वरून पाहिले, तर मधला वरचा पापुद्रा डोळ्यांकडे येतो, खालचा पापुद्रा उलट दिशेने जातो आणि कडा नुसत्या बाजूला सरकतात. तेजोमेघ पोकळ फुग्यासारखा असेल, तर फटीच्या मध्यभागी हिरवी रेषा दुभंगते: एक फाटा निळ्या बाजूला, एक तांबड्या. कडांवर दोन्ही फाटे पुन्हा जुळतात. आलेखावर सुबक लंबवर्तुळ उमटते. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ ऑलिन विल्सन यांनी १९५० मध्ये अशी दुभंगलेली रेषा अनेक तेजोमेघांत पद्धतशीर मोजली आणि त्यांच्या प्रसरणाचे वेग दिले.

लंबवर्तुळाऐवजी तिरका S उमटला, मध्ये गाठी आल्या, एका टोकाला शेपूट फुटले, तर समजायचे की आत फुग्यापेक्षा गुंतागुंतीचे काही आहे. त्या वेड्यावाकड्या आकृत्यांमध्येच आकार लपलेला असतो.

पुण्यात १८९१ मध्ये पाहिलेली तीच रेषा

या हिरव्या रेषेशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. विल्यम हगिन्स यांना ही रेषा २९ ऑगस्ट १८६४ रोजी एनजीसी ६५४३ या ग्रहीय तेजोमेघात प्रथम दिसली. पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. पुढे ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. नॉर्मन लॉकयर यांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या वर्णपटातल्या पट्ट्याचा उरलेला काठ.

वाद असा रंगलेला असताना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला वेधशाळा चालवत होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून ती उभी राहिली होती. पुढे तिथे डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण आली. त्या काळातली ती देशातली सर्वांत मोठी दुर्बीण. नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची ही मुख्य रेषा वर्णपटमापकातून तपासली आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात टिपण प्रसिद्ध केले. रेषा बारीक आणि स्वच्छ होती. मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी एका बाजूला विरत जाणारी नव्हती. मृगातला तेजोमेघ ग्रहीय नाही, तिथे तारे मरत नाहीत, जन्मतात. पण रेषा तीच.

उत्तर यायला १९२७ साल उजाडले. आयरा बोवेन यांनी दाखवले, की नेब्युलियम वगैरे काही नाही, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला हा साधा ऑक्सिजन आहे. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतला वायू इतका दाट असतो, की ही रेषा निघण्याआधीच अणू एकमेकांवर आपटतात. तेजोमेघ इतका विरळ असतो, की अणूला निवांत प्रकाश सोडायला वेळ मिळतो.

लॉकयर आणि नायगमवाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी महाराष्ट्रातच होते, लॉकयर विजयदुर्गला आणि नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. (विजयदुर्गावर १८६८ मध्ये लॉकयर यांनी हेलियम शोधला, असे कोकणात सर्रास सांगितले जाते. १८६८ मधली त्यांची निरीक्षणे मात्र इंग्लंडमधली आहेत.) नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण आणि उपकरणे कोडाईकॅनालला गेली. एक माणूस निवृत्त झाला की काम थांबते, ही आपल्याकडची रीत तेव्हाही होती.

मॉडेल बांधतात म्हणजे काय करतात?

मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील, एन्सेनाडा येथील वोल्फगांग स्टेफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘शेप’ नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. २००६ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध झाली, पुढे २०११ मध्ये निको कोनिंग व इतरांसह त्याची सुधारित आवृत्ती मांडली गेली. आज तेजोमेघांच्या आकार-गती मॉडेलसाठी ते सर्वाधिक वापरले जाणाऱ्या साधनांपैकी एक आहे. अॅनिमेशन किंवा गेम डिझाइन शिकणाऱ्या मुलांना त्याची रीत ओळखीची वाटेल. गोल, नळकांडे, शंकू, कडे असे जाळीचे आकार घ्यायचे, ते दाबायचे, ओढायचे, एकात एक बसवायचे. फरक पुढे येतो. प्रत्येक भागाला वायूची घनता द्यायची आणि वेगाचा नियम द्यायचा.

मग संगणक त्या आकाराचा दोन प्रकारे हिशेब करतो. पृथ्वीवरून तो कसा दिसेल याचे चित्र, आणि त्यावर फट ठेवली तर जागा-वेग आलेख कसा येईल, हे दोन्ही. खऱ्या दुर्बिणीचा फोटो आणि खरा आलेख शेजारी ठेवून जुळवायचे. जुळले नाही की आकार पुन्हा वळवायचा. नुसता फोटो जुळून चालत नाही, वेगही जुळावा लागतो. मॉडेलची सगळी पत या दुसऱ्या जुळणीवर आहे.

वेगाचा नियम बहुतेक वेळा एकच गृहीत धरतात: केंद्रापासून जितके लांब, तितका वेग जास्त. हे मनचे नाही. पनवेल एसटी स्थानकातून एकाच वेळी अनेक गाड्या सुटल्या आणि प्रत्येकीने आपापला वेग कायम ठेवला, तर तासाभराने सर्वांत वेगवान गाडी सर्वांत पुढे असेल आणि अंतर वेगाच्या अचूक पटीत असेल. वायूही एकाच छोट्या काळात उसळून निघाला आणि नंतर मोकळा सुटला, तर हाच नियम लागू होतो. एकदा तो मानला, की वेग म्हणजेच खोली. निळीकडे जास्त सरकलेला वायू आपल्या बाजूला जास्त पुढे आलेला. सपाट फोटोला तिसरी मिती अशी मिळते.

पण गाड्या बोरघाटात अडकल्या तर? तेजोमेघातही घाट लागतो. गाभा उघडा पडल्यावर ताऱ्यातून सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरचा पातळ पण भयंकर वेगवान वारा सुटतो आणि आधी निघालेल्या संथ वायूला मागून ढकलतो. सन क्वोक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेले हे चित्र आजही पायाभूत मानले जाते. ढकललेला वायू वेग घेतो, पुढच्या जुन्या वायूवर आपटलेला वायू वेग गमावतो. तिथे ‘लांब म्हणजे वेगवान’ हा नियम मोडतो, आणि नियम तसाच रेटला तर मॉडेलमधला आकार खऱ्यापेक्षा ताणला किंवा चेपला जातो. संशोधन लेखांत हे गृहीतक स्पष्ट लिहिलेले असते. रीलमध्ये नसते.

एक फोटो, एक वेग, दोन वये

कोन किती महत्त्वाचा, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येते. समजा, एका तेजोमेघाची वायूची सोंड फोटोत केंद्रापासून अर्धा प्रकाशवर्ष लांब दिसते. वर्णपटावरून तिच्या टोकाचा आपल्या दिशेचा वेग सेकंदाला १०० किलोमीटर निघतो.

आता सोंड आपल्या नजरेच्या रेषेशी ३० अंशांवर आहे असे मानले, तर तिची खरी लांबी एक प्रकाशवर्ष, खरा वेग सुमारे ११५ किलोमीटर आणि वय साधारण २,६०० वर्षे. कोन ६० अंश मानला, तर खरी लांबी ०.५८ प्रकाशवर्ष, वेग २०० किलोमीटर आणि वय जेमतेम ८७० वर्षे. फोटो तोच आणि मोजलेला वेगही तोच. फक्त कोन बदलला आणि वय तिप्पट इकडे-तिकडे झाले. वय बदलले की ताऱ्याने वर्षाला किती वायू फेकला, किती जोराने फेकला, हे सगळे आकडे बदलतात. एवढे जोर लावायला एकटा तारा पुरेसा होता, की त्याला जोडीदार ताऱ्याची साथ लागली, हा निष्कर्षही डळमळतो.

कोन ठरवायचे काही मार्ग आहेत. डमरूच्या कमरेला बहुधा वायूचे कडे असते. ते मुळात वर्तुळाकार आहे असे धरले, तर तिरक्या धरलेल्या बांगडीसारखे ते लंबवर्तुळाकार दिसते आणि त्याच्या लांबी-रुंदीवरून तिरकेपणा काढता येतो. कडे खरेच वर्तुळाकार होते का, हे अर्थात पुन्हा गृहीतकच. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा, पण चिकाटीचा. दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने हबलसारख्या दुर्बिणीने फोटो घ्यायचे आणि वायूच्या गाठी किती सरकल्या हे मोजायचे. अंतर माहीत असेल तर आडवा वेग मिळतो. आडवा आणि समोरचा, दोन्ही वेग हाती आले की कोनाला पळायला जागा उरत नाही. गोची अंतराची असते. युरोपच्या गाया उपग्रहामुळे अनेक तेजोमेघांच्या मधल्या ताऱ्यांची अंतरे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमकी मिळतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत जुनी मॉडेल पुन्हा तपासली जाऊ लागली आहेत.

वरून पाहिलेला डमरू

मिथुन राशीतला एनजीसी २३९२ हा या पद्धतीचा सर्वांत बोलका नमुना. त्याचे जुने टोपणनाव उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांना अवमानकारक वाटते, म्हणून नासाने २०२० मध्ये ते वापरणे थांबवले. फोटोत तो फरची टोपी घातलेल्या चेहऱ्यासारखा, जवळजवळ गोल दिसतो. गोल दिसतो म्हणून फुग्यासारखा असेल, असे कोणालाही वाटेल.

वर्णपटाने तो समज खोडला. आतल्या भागाचा वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर निघाला. असे तेजोमेघ साधारण २०-३० किलोमीटरने पसरतात, त्या मानाने हा फारच जास्त. त्यातून दोन विरुद्ध दिशांना सुटलेल्या धारा तर २०० किलोमीटरच्या आसपास. २०१२ मध्ये मेक्सिकोतील गटाने शेप वापरून मांडलेले मॉडेल सांगते, की आतला भाग लांबट आहे आणि त्याचा अक्ष जवळजवळ थेट आपल्याकडे वळलेला आहे. टेबलावर उभा ठेवलेला डमरू बरोबर वरून पाहिला तर काय दिसेल? गोल. तेच इथे झाले. पुढे २०१९ मध्ये त्याच्या मधल्या ताऱ्याभोवती १.९ दिवसांत एक फेरी मारणारा जोडीदारही सापडला.

फुग्याऐवजी डमरू निघण्यामागे जोडीदार तारा असावा, हे मत अलीकडे बळावत गेले आहे. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील राघवेंद्र सहाय आणि जॉन ट्रॉगर यांनी १९९८ मध्ये हबलच्या चित्रांवरून आणखी एक ठोस मांडणी केली: वेगवान धारा आधी सुटतात, संथ वायूत भोके पाडतात आणि तेजोमेघाचा आकार तिथेच ठरून जातो. धारा सुटायला फिरती तबकडी लागते आणि तबकडीला बहुधा जोडीदार. म्हणूनच आकाराचे मॉडेल म्हणजे आकाशातल्या गुन्ह्याचा पंचनामा आहे, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. शिंतोड्यांच्या दिशेवरून हात किती होते ते शोधायचे.

अॅस्ट्रोसॅटला दिसलेले दुसरे पंख

भारताची अॅस्ट्रोसॅट ही अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडली गेली. तिच्यावरची क्ष-किरण उपकरणे प्रामुख्याने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. अतिनील दुर्बीण, यूव्हीआयटी, बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली, त्यात पुण्याच्या आयुकाचाही वाटा आहे. अतिनील किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे हे काम जमिनीवरून होत नाही.

या दुर्बिणीतून एन. कामेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी वृश्चिकेच्या शेपटीजवळचा एनजीसी ६३०२, म्हणजे फुलपाखरू तेजोमेघ पाहिला. दृश्य प्रकाशात त्याचे पंख पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत आणि ते सेकंदाला ६०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर जाणाऱ्या वायूचे आहेत. इथे ‘लांब म्हणजे वेगवान’ हा नियम चांगला बसतो, आणि त्यावरून पंख एका उद्रेकात, सुमारे २,२०० वर्षांपूर्वी निघाले असा हिशेब येतो. (प्रकाशाला इथवर यायला लागलेली हजारो वर्षे त्यात धरलेली नाहीत.) पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अतिनील चित्रात आणखी काही दिसले. केंद्राच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाच कलांपर्यंत पसरलेले अंधुक पंख, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, आणि तेही माहीत असलेल्या पंखांच्या दिशेशी न जुळणारे. शिवाय त्यांना काटकोनात धारांसारख्या अंधुक रेषा.

संशोधकांनी हे जुन्या उद्रेकाचे अवशेष असावेत आणि चमक हायड्रोजन रेणूंची असावी, अशी शक्यता मांडली. ज्या तेजोमेघाचे फोटो जगभर छापले गेले, त्याचा पसारा तेव्हापर्यंत अपुराच माहीत होता. आणि त्याचे २०१८ पूर्वी बांधलेले कोणतेही त्रिमितीय मॉडेल या पंखांशिवायचे आहे, हे ते फिरते चित्र पाहताना लक्षात ठेवलेले बरे.

आरसा आहे, फट हवी

इथे एक तुलना टाळता येत नाही. शेप वापरणाऱ्या गटांची बरीचशी निरीक्षणे मेक्सिकोतल्या सान पेद्रो मार्तिर वेधशाळेतली आहेत. तिथल्या दुर्बिणीचा आरसा २.१ मीटरचा. आयुकाची पुणे जिल्ह्यातल्या गिरवली इथली दुर्बीण, २००६ पासून सुरू असलेली, दोन मीटरची. आरशात फरक नगण्य. फरक आहे तो आरशामागच्या उपकरणात. मेक्सिकोतला वर्णपटमापक सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपासचा फरक वेगळा दाखवतो. गिरवलीचे मुख्य उपकरण अंधुक वस्तूंचे फोटो आणि ढोबळ वर्णपट यांसाठी बांधलेले आहे. फुलपाखराच्या ६०० किलोमीटरच्या पंखांना ते पकडू शकेल, पण २० किलोमीटरने पसरणाऱ्या साध्या तेजोमेघाची दुभंगलेली रेषा त्याला एकच दिसेल.

देशात मोठ्या दुर्बिणींची चर्चा नेहमी आरशाच्या व्यासावर होते. फीत कापायला व्यास सोपा असतो. मध्यम आकाराच्या दुर्बिणीला काटेकोर वर्णपटमापक जोडणे हे त्या मानाने थोड्या खर्चाचे काम, पण त्याची बातमी होत नाही आणि त्यासाठी कोणी आग्रहही धरत नाही.

तोवर हात बांधून बसायचे कारणही नाही. सान पेद्रो मार्तिरच्या गटाने २०१२ मध्ये आपल्या आकाशगंगेतील सुमारे सहाशे ग्रहीय तेजोमेघांचे वर्णपट संकेतस्थळावर खुले केले. फट कुठे ठेवली आणि आलेख कसा आला, सगळे त्यात आहे. पनवेल-रसायनी पट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी शेवटच्या वर्षाला पार्किंग आणि हजेरीच्या अॅपचे प्रकल्प ढिगाने होतात. त्रिमितीय जाळी, रेंडरिंग, दोन चित्रांतला फरक कमी करत नेणारे अल्गोरिदम हे या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमातलेच विषय. कोन दहा-दहा अंशांनी बदलत किती वेगवेगळे आकार त्याच आलेखाशी जुळतात, एवढे एका तेजोमेघासाठी तपासले तरी तो खराखुरा प्रश्न आहे, आणि त्याला लॅपटॉप पुरतो.

डोळ्यांनी पाहायचे असेल, तर एनजीसी २३९२ साठी कोनचे स्थान चांगले आहे. पनवेल १९ अंश अक्षांशावर आणि हा तेजोमेघ २१ अंशांवर, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास तो इथे डोक्यावर, शिरोबिंदूपासून अवघ्या दोन अंशांवर असतो. सहा-आठ इंची दुर्बिणीतून तो धूसर ताऱ्यासारखा गोल ठिपका दिसतो. शहराच्या उजेडाला उतारा म्हणून फक्त ५००.७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडणारे फिल्टर मिळतात. रस्त्यावर पिवळे सोडियम दिवे होते तोवर हे फिल्टर फार छान काम करत, कारण त्या दिव्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या रंगातच असे. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो, हिरव्या रेषेच्या जागीही. नवी मुंबईपासून रसायनीपर्यंत आता दिवे पांढरेच लागत आहेत, त्यामुळे दुर्बीण लावण्याआधी माथेरानच्या डोंगराची आडोशाची बाजू शोधणे किंवा मुंबईतले हौशी निरीक्षक जिथे वर्षानुवर्षे जातात त्या वांगणीकडे वळणे अधिक सोयीचे.